पेशन्सचे डाव: नियम, युक्त्या आणि रिकाम्या रांगेची किंमत

पालथं_पान

एकट्याने खेळायच्या पत्त्यांच्या डावांबद्दल इथे सुटे प्रश्न बरेच येतात, पण नियम एका जागी सापडत नाहीत. म्हणून हा धागा. एक विनंती आहे. कुठल्याही डावाबद्दल लिहिताना चार गोष्टी लिहाच: पानं कशी मांडायची, रांगेत पान कशावर बसतं, गड्डी किती वेळा फिरवता येते आणि रिकाम्या झालेल्या रांगेत काय ठेवता येतं. यातली चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात आणि खरा फरक तिथेच पडतो. वरवर सारखे दिसणारे दोन डाव रिकाम्या रांगेच्या नियमामुळे पूर्णपणे वेगळे खेळावे लागतात.

शब्द एकसारखे वापरू. न वाटलेली पानं म्हणजे गड्डी, गड्डीतून उघडून ठेवलेली म्हणजे उघडी गड्डी. एक्क्यापासून राजापर्यंत एका रंगाची पानं चढवतो ती जागा म्हणजे घर. इथे 'रंग' म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर. लाल-काळं म्हणायचं असेल तिथे तसंच लिहू.

सुरुवात क्लोंडाइकपासून. कॉम्प्युटरवर ज्याला नुसतं सॉलिटेअर म्हणतात तो हाच. १९९० साली विंडोज ३.० बरोबर आला आणि घरोघरी पोचला.

एक कॅट, ५२ पानं. सात रांगा, पहिलीत १, दुसरीत २, असं करत सातवीत ७. एकूण २८ पानं. प्रत्येक रांगेतलं शेवटचं पान उताणं, बाकी २१ पालथी. उरलेली २४ गड्डीत. रांगेत उतरत्या क्रमाने, लाल-काळं आलटून पालटून: काळ्या नव्वीवर लाल अठ्ठी. उताण्या पानांची लागलेली माळ अख्खी उचलता येते. रिकाम्या रांगेत फक्त राजा किंवा राजापासून सुरू होणारी माळ. गड्डीतून एकेक किंवा तीन-तीन पानं उघडायची, जे ठरवाल ते.

डाव सुटतो तो २१ पालथी पानं उताणी झाल्यामुळे, घरं भरभर भरल्यामुळे नव्हे. म्हणून दोन चालींमधून निवड करायची असेल तर पालथं पान उघडणारी निवडावी. दोन्ही उघडत असतील तर जास्त पालथी पानं असलेल्या रांगेतली. पहिल्या रांगेत एकच पान असतं, ते हलवून काहीच उघडत नाही. हाताशी राजा नसताना ती रांग रिकामी केली, तर सातातली एक रांग आपणच बंद करून टाकली असं समजा.

किल्वर_दुर्री

चांगला धागा. घरात पान कधी चढवावं यावर एक नेमका नियम आहे. एक्का आणि दुर्री लगेच चढवा, त्यांच्यावर रांगेत ठेवण्याजोगं काही नसतं (दुर्रीवर एक्का बसेल, पण एक्का तर घरातच जातो). तिर्रीपासून पुढे थांबून बघायचं. लाल पंजी बिनधोक कधी चढवता येते? दोन्ही काळ्या चव्व्या घरात गेल्या असतील तेव्हा. लाल पंजीचा रांगेत उपयोग एकच, तिच्यावर काळी चव्वी बसवणं. चव्व्याच उरल्या नसतील तर पंजी खाली ठेवून काही मिळत नाही. एक जरी काळी चव्वी पालथ्यात किंवा गड्डीत असेल, तर पंजी खाली असणं कामाचं ठरू शकतं. हाच नियम फ्रीसेललाही लागू.

बहुतेक नियमांत घरातलं वरचं पान परत रांगेत आणता येतं. जुन्या विंडोजच्या गुणपद्धतीत त्याला १५ गुण कापत. गुण बघत नसाल तर ही चाल जरूर वापरा.

पिसारा

तीन-तीन पानांच्या प्रकाराबद्दल विचारायचं आहे. गड्डीत हवं ते पान दिसतं, पण दोन पानांखाली अडकलेलं असतं, आणि किती वेळा फिरवलं तरी तीच पानं वर येतात. यावर काही उपाय असतो का, की नशीबच?

रिकामी_रांग

@पिसारा, नशीब फार कमी, मोजणी जास्त. २४ पानांना क्रमांक द्या. पहिल्या फेरीत वर येणारी पानं: ३, ६, ९, १२, १५, १८, २१, २४. एकही पान उचललं नाही तर प्रत्येक फेरीत हीच आठ.

आता पहिल्या फेरीत ३ क्रमांकाचं पान उचललं. त्याच्या खालचं २ उघडं पडलं, पण ते लागत नाही म्हणून राहिलं. चालू फेरीत पुढचं काही बदलत नाही, ६, ९, १२ तशीच येतात. पुढच्या फेरीत मात्र २३ पानं आहेत आणि पहिले तीन म्हणजे १, २, ४. म्हणजे वर येणार ४, मग ७, १०, १३, १६, १९, २२, आणि शेवटी उरलेल्या दोनांत २४. ३ बरोबर २ पण उचललं असतं तर दिसली असती ५, ८, ११, अशी २३ पर्यंत, आणि शेवटी एकटं २४. तिन्ही उचलली तर क्रम पूर्ववत.

यातून दोन गोष्टी निघतात. गड्डीच्या सुरुवातीचं पान उचललं की पुढची सगळी रांग सरकते, शेवटाकडचं उचललं तर आधीचं काही हलत नाही. सध्या दिसणाऱ्या आठांपैकी आणखी काही हवी असतील तर शेवटाकडची आधी घ्या, सुरुवातीचं पान पुढच्या फेरीसाठी ठेवा. आणि सगळं अडलंच असेल तर सुरुवातीचं एखादं बिनमहत्त्वाचं पानसुद्धा लावून टाका, कारण त्याने नवी पानं वर येतात. म्हणून पहिली फेरी काहीही न उचलता नुसती बघून घ्यायला हरकत नाही, फेऱ्यांवर मर्यादा नसेल तर.

पालथं_पान

उत्तम. या 'मर्यादा नसेल तर'वर जोर द्यायला हवा. विंडोजमध्ये वेगास पद्धत निवडली तर एकेक पानाच्या डावात गड्डी एकदाच फिरते, तीन-तीनच्या डावात तीनदा. त्यात डाव सुरू करताना ५२ डॉलर वजा होतात आणि घरात गेलेल्या प्रत्येक पानाला ५ मिळतात. १० पानांचे ५० होतात, म्हणजे ११ वं पान चढलं की फायदा सुरू. तिथे पूर्ण डाव सोडवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा पानं चढवत राहणं शहाणपणाचं. वर सांगितलेला 'थांबून बघा' हा नियम वेगासमध्ये तितका कडक पाळू नये.

शेवटची_उतारी

क्लोंडाइकचा डाव मुळातच न सुटणारा आहे हे कधीकधी दाखवून देता येतं. समजा सातव्या रांगेत वर बदाम सत्ती उताणी आहे. तिला जायला तीनच जागा: इस्पिक अठ्ठीवर, किल्वर अठ्ठीवर, किंवा घरात बदाम छक्कीनंतर. दोन्ही काळ्या अठ्ठ्या आणि बदामाच्या एक्का ते छक्कीपैकी कुठलंही एक पान तिच्याच खाली पालथं पडलं असेल, तर ती सत्ती कधीच हलणार नाही. अर्थात हे खेळताना दिसत नाही, डाव अडल्यावर पालथी पानं उलटून पाहिलीत तर कळतं. सगळी पानं माहीत आहेत असं धरून संगणकाने तपासलं, तर तीन-तीनच्या प्रकारात सुमारे ८२ टक्के डाव सुटण्याजोगे निघतात. म्हणजे अडलेल्या डावांतले बरेचसे आपल्या चालींमुळे अडलेले असतात.

रिकामी_रांग

आता फ्रीसेल. माझ्या मते विचार करणाऱ्यांसाठी याहून चांगला डाव नाही, कारण लपलेलं काहीच नसतं.

एक कॅट, आठ रांगा, सगळी पानं उताणी. पहिल्या चार रांगांत ७-७, उरलेल्या चारांत ६-६. गड्डी नाही. चार मोकळे कप्पे, प्रत्येकात एक पान तात्पुरतं ठेवता येतं. रांगेत उतरतं, लाल-काळं आलटून पालटून. रिकाम्या रांगेत कुठलंही पान चालतं, राजाच हवा असं नाही. पॉल अल्फिल यांनी १९७८ साली प्लेटो नावाच्या संगणक प्रणालीवर तो आणला, आणि पुढे विंडोजमुळे सगळीकडे गेला. विंडोजच्या मूळ ३२,००० क्रमांकित डावांपैकी फक्त ११९८२ हा न सुटणारा ठरला आहे. तेव्हा दुसरा कुठलाही क्रमांक अडला तर वाट आहे, शोधा.

नियमाप्रमाणे एका वेळी एकच पान हलतं. माळ हलते ती कप्पे वापरून. उदाहरण: काळी नव्वी, लाल अठ्ठी, काळी सत्ती अशी माळ लाल दश्शीवर न्यायची आहे आणि दोन कप्पे मोकळे आहेत. सत्ती एका कप्प्यात, अठ्ठी दुसऱ्यात, नव्वी दश्शीवर, मग अठ्ठी आणि सत्ती परत तिच्यावर. दोन कप्प्यांत तीन पानं हलली. म्हणजे मोकळे कप्पे अधिक एक.

एक रांग रिकामी असेल तर हा आकडा दुप्पट होतो, दोन असतील तर चौपट. चार कप्पे आणि रिकामी रांग नाही: ५ पानं. चार कप्पे, एक रांग: १०. दोन कप्पे, एक रांग: ६. माळ रिकाम्या रांगेतच न्यायची असेल, तर ती रांग हिशोबात धरायची नाही. चार कप्पे मोकळे आणि एकच रांग रिकामी असताना तिच्यात १० नव्हे, ५ च पानं जातात. प्रोग्राम 'चाल होत नाही' म्हणतो आणि लोक गोंधळतात, ते बहुधा इथेच.

किल्वर_दुर्री

+१. फ्रीसेलची सुरुवात कशी करावी तेही लिहिते. पहिली चाल करण्याआधी चारही एक्के आणि दुर्र्या कुठे आहेत ते बघा. सगळ्यात खोल अडकलेला एक्का ज्या रांगेत, ती रांग उपसायची योजना आधी करा. कप्प्यात पान ठेवताना 'हे बाहेर कधी येणार' याचं उत्तर तयार हवं. राजा कप्प्यात गेला तर रिकामी रांग मिळेपर्यंत तो कप्पा गेला म्हणून समजा. तीन कप्पे भरले आणि एकही रांग रिकामी होण्याच्या बेतात नाही, अशी वेळ आली की तिथूनच मागे फिरा. चौथा भरल्यावर मागे फिरायला उशीर झालेला असतो.

राजा रांगेच्या अगदी तळाला असेल तर त्याला हलवायची गरजच नाही, ती तयार रांग आहे.

पिसारा

रिकाम्या रांगेने दुप्पट का होतं ते कळलं नाही. ती फक्त एक जास्तीची जागा ना? मग पाचाचे सहा व्हायला हवेत.

रिकामी_रांग

जागा एक, पण तिथे माळ लावता येते, कप्प्यात नाही येत. आधी वरची पाच पानं कप्प्यांच्या मदतीने रिकाम्या रांगेत लावून घ्या. कप्पे पुन्हा मोकळे झाले. आता उरलेली पाच पानं हव्या त्या जागी न्या. कप्पे परत मोकळे. मग रिकाम्या रांगेतली पाच उचलून त्यांच्यावर. पाच आणि पाच दहा.

शेवटची_उतारी

हेच गणित स्पायडरमध्ये जसंच्या तसं लागू पडतं, म्हणून तो इथे घेतो.

दोन कॅट, १०४ पानं. दहा रांगा, पहिल्या चारांत ६-६, बाकी सहांत ५-५, एकूण ५४. प्रत्येकीचं शेवटचं पान उताणं, ४४ पालथी. गड्डीत ५० पानं, ती पाच वेळा, दर वेळी प्रत्येक रांगेवर एक अशी वाटायची. रांगेत कुठल्याही रंगाच्या पानावर एकने कमी पान बसतं, पण उचलताना एकाच रंगाची माळ असेल तरच एकत्र उचलता येते. राजा ते एक्का एका रंगाची पूर्ण माळ लागली की ती बाजूला. अशा आठ माळा झाल्या की डाव सुटला. रिकाम्या रांगेत काहीही चालतं. मात्र एकही रांग रिकामी असताना गड्डी वाटता येत नाही. एक, दोन किंवा चार रंगांनी खेळतात. चार रंगांचा डाव फार अवघड, दोन रंगांपासून सुरुवात बरी.

चालींचा क्रम फार महत्त्वाचा. तीन रांगांवर वेगवेगळ्या रंगांची राणी, गुलाम आणि दश्शी उघडी आहेत. आधी दश्शी गुलामावर ठेवलीत तर दश्शीखालचं पान उघडेल, पण गुलाम तिच्याखाली अडकला, कारण रंग वेगळे असल्याने जोडी उचलता येत नाही. उलट, आधी गुलाम राणीवर, मग दश्शी गुलामावर. दोन रांगा उघडल्या आणि शेवट तोच. मोठ्या पानाकडून लहानाकडे यायचं, हा नियम स्पायडरमध्ये डोळे मिटून पाळा.

एक रांग रिकामी असेल तर वेगवेगळ्या रंगांचे दोन तुकडे हलवता येतात: वरचा तुकडा रिकाम्या रांगेत, खालचा हव्या त्या जागी, मग वरचा त्याच्यावर. दोन रांगा रिकाम्या असतील तर चार तुकडे. रंग जुळवून घ्यायचं काम याच वेळी उरकायचं. रिकामी रांग मिळाल्याबरोबर राजा टाकून ती भरू नका. राजा एकदा बसला की पूर्ण माळ लागेपर्यंत किंवा दुसरी रांग रिकामी होईपर्यंत तो तिथून उठत नाही.

पालथं_पान

इथे थोडा मतभेद नोंदवतो. राजावर एकाच रंगाची लांब माळ लागण्याजोगी दिसत असेल आणि राजाखाली पालथी पानं असतील, तर रांग राजाला देणं योग्यच. राजा रांगेच्या मध्ये बसलेला असतो तेव्हा त्याच्याखालची पानं काढायला दुसरा मार्गच नसतो.

शेवटची_उतारी

मान्य, पण आधी त्या रिकाम्या रांगेतून जेवढी रंगजुळणी करून घेता येते तेवढी करून, मग राजा. गड्डी वाटण्याच्या आधीही तसंच. कुठलं ना कुठलं पान ठेवून रांग भरावी लागणारच आहे, तर सगळी उपयोगाची उलाढाल झाल्यावर भरावी. आणि वाटल्याबरोबर दहा नवी पानं आली की आधी बघा, त्यातलं कुठलं पान आपल्याच रंगाच्या पानावर पडलंय. तिथून सुरुवात करा.

किल्वर_दुर्री

पिरॅमिडचे नियम सांगते, त्यात रांगा नाहीत पण मोजणी सुंदर आहे. एक कॅट. सात ओळी, वरच्या ओळीत १ पान, खालच्यात ७, एकूण २८, सगळी उताणी. खालच्या ओळीतली दोन पानं वरच्या एका पानाला झाकतात. न झाकलेल्या दोन पानांची बेरीज १३ झाली की जोडी उचलायची: एक्का-राणी, दुर्री-गुलाम, तिर्री-दश्शी, चव्वी-नव्वी, पंजी-अठ्ठी, छक्की-सत्ती. राजा एकटाच जातो. गड्डीत २४, एकेक उघडायचं. कडक नियमात गड्डी एकदाच, बऱ्याच ठिकाणी तीनदा.

सुरुवातीलाच एक तपासणी करा. पिरॅमिडमधलं एखादं पान घ्या, समजा चव्वी. तिच्या चारही नव्व्या कुठे आहेत? जी नव्वी त्या चव्वीने (थेट किंवा मधल्या पानांमार्फत) झाकलेली आहे ती चव्वीच्या आधी सुटणार नाही. जी नव्वी चव्वीलाच झाकून बसली आहे ती चव्वी सुटण्याआधी दुसऱ्या कुणाबरोबर गेलेली असणार. चारही नव्व्या या दोन प्रकारांतच असतील तर डाव सुटणार नाही, नव्याने पिसा.

दुसरी गोष्ट, गड्डीतल्या दोन पानांची जोडी सहज मिळते म्हणून उचलू नका. पिरॅमिडमध्ये तीन छक्क्या आणि एक सत्ती आहे असं धरा. म्हणजे गड्डीत एक छक्की आणि तीन सत्त्या. गड्डीतली छक्की-सत्ती उडवलीत तर पिरॅमिडमधली सत्ती तिथल्याच एका छक्कीबरोबर जायला हवी, आणि त्यासाठी दोघी एकाच वेळी उघड्या असाव्या लागतील. एकीने दुसरीला झाकलं असेल तर तो मार्ग बंद.

चौदावं_पान

छोट्या डावांची भर घालतो.

गोल्फ: सात रांगा, प्रत्येकीत ५ उताणी पानं, एकूण ३५. उरलेल्या १७ पैकी एक उघडं, १६ गड्डीत. उघड्या पानाहून एकने मोठं किंवा लहान पान रांगांच्या टोकांवरून उचलायचं, रंगाचा संबंध नाही. गड्डी एकदाच. कडक नियमात राजावर काहीच बसत नाही आणि एक्क्यावर फक्त दुर्री. म्हणून राजा साखळीच्या अगदी शेवटी उचला. तो उचलला की गड्डीचं पान खर्च होणारच.

ट्रायपीक्स: तीन शिखरं, वरून ३, ६, ९ आणि तळाला १० पानं, एकूण २८. फक्त तळाची दहा उताणी. गोल्फसारखंच, पण इथे राजा-एक्का जोडलेले, दोन्ही दिशांनी जाता येतं. लांब साखळीपेक्षा पालथी पानं उघडणारी साखळी निवडा.

क्लॉक: चार-चार पानांचे १३ ढीग, बारा घड्याळासारखे आणि तेरावा मध्ये, तो राजांचा. इथे खेळणाऱ्याच्या हातात काहीच नाही. चौथा राजा निघाला की डाव संपतो, म्हणजे ५२ वं पान राजा असेल तरच सुटतो. शेवटचं पान राजा असण्याची शक्यता ४ भागिले ५२, म्हणजे तेरा डावांत सरासरी एक. मुलांना पानं ओळखायला शिकवायला छान.

रिकामी_रांग

युकॉन राहिला. क्लोंडाइक येणाऱ्यांनी पुढे हाच शिकावा. सात रांगा, पहिलीत एकच उताणं पान. दुसरीत १ पालथं आणि ५ उताणी, तिसरीत २ पालथी आणि ५ उताणी, सातवीत ६ आणि ५. बावन्नही पानं मांडली जातात, गड्डी नाही. लाल-काळं उतरतं, रिकाम्या रांगेत राजाच. वेगळेपण असं की कुठलंही उताणं पान त्याच्यावरच्या सगळ्या पानांसकट उचलता येतं, ती क्रमात नसली तरी. त्यामुळे मधलं पान कुठे बसतंय हे बघत राहावं लागतं, टोकाचं नव्हे. रशियन प्रकारात लाल-काळ्याऐवजी एकाच रंगावर बसवायचं. तिथे चौकट पंजीला चौकट छक्कीच हवी, आणि ती छक्की त्याच रांगेत पंजीच्या खाली असेल तर पंजी रांगांमध्ये कुठेच जाऊ शकत नाही, एक्का ते चव्वी घरात गेल्यावर थेट घरातच.

पिसारा

चाळीस चोर म्हणतात तो डाव स्पायडरसारखाच का?

शेवटची_उतारी

दोन कॅट आणि दहा रांगा एवढंच साम्य. फॉर्टी थीव्हजमध्ये प्रत्येक रांगेत ४ उताणी पानं, गड्डीत ६४, एकेक उघडायचं, एकच फेरी. रांगेत एकाच रंगाचं उतरतं आणि एका वेळी एकच पान हलतं. रिकाम्या रांगेत काहीही. एकच पान हलत असल्याने लांब माळ लावून ठेवली तर ती हलवायला रिकाम्या रांगाच लागतात. गड्डीतलं पान रांगेत बसतंय म्हणून लगेच ठेवू नका, खालची रांग उपसायची असेल तर तेच पान अडथळा होतं. प्रत्येक पान दोनदा आहे हे लक्षात ठेवा, एक अडकलं तर दुसरं कुठे आहे ते बघा.

चौदावं_पान

खरे पत्ते घेऊन खेळणाऱ्यांसाठी दोन सूचना. सुटलेल्या डावानंतर पानं क्रमाने लागलेली असतात. दोन भाग करून एकमेकांत फुलवत पिसलं तर ५२ पानांना सात वेळा पिसणं पुरतं, हे बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं. हातात धरून वरून थोडी थोडी पानं टाकत पिसण्याने एवढ्यात काम होत नाही, लागोपाठची पानं चिकटून राहतात. तसंच पिसायचं असेल तर आधी सगळी पानं टेबलावर पालथी पसरून दोन्ही हातांनी चांगली कालवा.

दुसरं म्हणजे जागा. नेहमीचं रुंद पान ६३ मिलिमीटरचं असतं. दहा रांगा आणि मध्ये एकेक सेंटिमीटर सोडला तर ७२ सेंटिमीटर लागतात. ५७ मिलिमीटरच्या अरुंद पानांना ६६ पुरतात. पालथी पानं एकमेकांवर जास्त सरकवून ठेवा, उताणी कमी, म्हणजे रांग लांब झाली तरी टेबलाच्या खाली उतरत नाही.

पिसारा

आभार. दोन रंगांचा स्पायडर खऱ्या पत्त्यांनी खेळायचा असेल तर पानं कशी निवडायची? दोन कॅटमध्ये तर चारही रंग येणार.

चौदावं_पान

चारही रंग ठेवा, फक्त दोन्ही काळे एकच आणि दोन्ही लाल एकच धरा. इस्पिक दश्शीवर किल्वर नव्वी म्हणजे एकाच रंगाची माळ. १०४ पानांत ५२ काळी, ५२ लाल, हिशोब बरोबर जुळतो. एका रंगाच्या डावात तर रंग बघायचाच नाही, नुसते आकडे. पाठीचं चित्र दोन कॅटचं वेगळं असेल तरी चालतं, पण तेव्हा पालथ्या पानाची पाठ बघून अंदाज बांधायचा नाही.